आवडत्या बँडसाठी परगावी एकटीने जावं का? शोनंतर त्यांना भेटता येतं का, आणि भेटल्यावर काय बोलायचं?

जा. तुम्ही लिहिलंय की तुम्ही नागपूरला, शो पुण्यात आणि सोबत कोणी नाही. नागपूर-पुणे एका रात्रीचा प्रवास आहे, त्याला लांब म्हणत नाहीत. आणि सोबत कोणी नसेल तर उत्तमच. सोबतच्या माणसाला तो बँड आवडत नसला की तो चौथ्या गाण्यापासून जेवायचं कुठे ते विचारायला लागतो.

मी २००६ साली शहाद्याहून पुण्याला गेलो होतो, एसटीच्या रातराणीने. बँड इंडियन ओशन. आणि गेलो होतो तो भांडणापायी.

भांडण आमच्या तबल्याच्या मास्तरांशी. त्यांच्याकडे सहा वर्षं शिकलो, गांधर्व महाविद्यालयाच्या तबल्याच्या परीक्षा दिल्या. पुढे इंजिनिअरिंगला धुळ्याला गेलो, तिथे हॉस्टेलवर 'कंदिसा'ची कॅसेट हाती लागली. २००० सालचा अल्बम, आमच्यापर्यंत पोचायला तीनचार वर्षं गेली. त्यात नर्मदेच्या खोऱ्यातल्या लोकगीतावरचं एक गाणं आहे, 'मा रेवा'. बँडचे बासवाले, म्हणजे बास गिटार वाजवणारे, राहुल राम आधी नर्मदा बचाव आंदोलनात होते, तिकडून ते आलेलं. आमच्या तळोदा-शहाद्याकडे नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितातली गावं आणून वसवलीत, माझ्या वर्गात त्यातली दोन पोरं होती. त्यामुळे हे गाणं ऐकून माझा ऊर भरून आला वगैरे लिहायला हरकत नव्हती. पण खरं सांगतो, मला नर्मदेने नाही, तबल्याने धरलं. रॉक बँड म्हणवतात आणि मधोमध तबला!

सुट्टीत कॅसेट मास्तरांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली, हे कबूल केलं पाहिजे. मग विचारलं, "तबल्यावर कोण?"

"असीम चक्रवर्ती."

"आणि गातंय कोण?"

"तेच. आणि बासवाले."

मास्तर हसले. म्हणाले, "स्टुडिओत काय, आधी वाजवायचं, मग वरून गायचं. समोर बसून करू दे की. गळा आणि हात एकाच माणसाचे असले ना, की दोन्ही कच्चे राहतात."

हे माझ्या डोक्यात बसलं. पुढच्याच हिवाळ्यात कळलं की पुण्यातल्या एका कॉलेजच्या फेस्टला हेच लोक येतायत. मेसचे पैसे एसटीत घातले. पास मित्राच्या मावसभावाने मिळवून दिला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे त्यांच्या व्हॉलंटियर पोरांबद्दल वाईट लिहायचंय.

शो दोन तास उशिरा सुरू झाला. मी सगळ्यांसारखा मध्ये न घुसता तबल्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि पुढचा दीड तास जवळजवळ फक्त तिकडेच बघत होतो. सुस्मित सेन यांची गिटार ऐकली, बघितली नाही म्हटलं तरी चालेल. अमित किलम ड्रम्सवर काय करत होते, विचारू नका. मी बघत होतो मांडी घालून बसलेल्या एका भारदस्त माणसाकडे आणि त्याच्या तोंडाशी आलेल्या माईककडे. तो माणूस गात होता आणि वाजवत होता. एकाच वेळी, माझ्यापासून वीसेक फुटांवर.

तेव्हा एक गोष्ट दिसली, जी कॅसेटवर कधीच कळली नसती. ओळ चालू असताना उजवा हात साधाच होता, नुसता ठेका धरून. ओळ संपली, श्वास घेतला, की त्या फटीत हात भरायचा. पुन्हा शब्द आले की हात पाय आखडून घ्यायचा, पाहुणे आल्यावर घरातली पोरं घेतात तसा. डाव्या हाताचा डग्गा मात्र गाण्यासोबतच बोलत होता, सूर खाली गेला की मनगट पुढे सरकून डग्ग्याचा आवाज वर चढायचा. म्हणजे दोन कामं नव्हतीच ती. मध्येच किलम यांनी गबगुबी घेतली, तेवढी दिसली. बाऊल लोकांचं ते वाद्य म्हणजे आपल्या चौंडक्याचं भावंड, काखेत धरायचं आणि तार ताणत वाजवायचं. रेणुकेचे, यल्लम्माचे जोगते पिढ्यान्‌पिढ्या चौंडकं वाजवत गातायत. शाहीर डफावर गातो. गोंधळ्याच्या गळ्यात संबळ असतो आणि तोंडात देवीचं गाणं. त्यांना कच्चं म्हणायची आमच्या मास्तरांची हिंमत आहे का? नाही. कारण ते गांधर्वच्या परीक्षांना बसत नाहीत.

असो. तुमचा दुसरा प्रश्न, भेटता येतं का. येतं. पण स्टेजच्या पुढच्या कठड्याशी लोंबकळून नाही. तिथे छातीवर बिल्ला लावलेली पोरं असतात, त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी अडवायला मिळालेलं असतं. आमच्या वेळच्यांनी आम्हाला अर्धा तास एका दोरीमागे ठेवलं आणि मग स्वतःच एकेक करून आत जाऊन फोटो काढून आले. त्यापेक्षा साऊंडच्या कन्सोलपाशी जा. तिथला माणूस दमलेला असतो आणि 'साऊंड मस्त होता' हे त्याला कोणी म्हणत नाही. तुम्ही म्हणा. मला त्यानेच सांगितलं की सामान मागच्या रॅम्पवरून टेम्पोत जातं, तिथे थांब.

तिथे थांबलो. तासाभराने आले सगळे. वायरी गुंडाळलेल्या, गिटारी पेट्यांत, तबला गवसणीत. मी प्रश्न पाठ करून ठेवला होता, धुळ्यापासून. हिंदीत. 'दादा, गाते वक्त सम कैसे सँभालते हो?' एवढाच. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. माझ्यापुढे एक जण होता, त्याला चौघांबरोबर वेगवेगळा फोटो हवा होता आणि त्याच्या मोबाईलचा कॅमेरा अंधारात चालेना. त्यात दहा मिनिटं गेली. माझी पाळी आली तेव्हा टेम्पोवाला हॉर्न देत होता. असीमदांनी हात पुढे केला, मी मिळवला. मऊ आणि मोठा हात, आणि तबला वाजवताना हाताला लावतात ती पावडर अजून तशीच होती, माझ्या तळव्याला लागली. मी म्हणालो, "शहादा से आया हूँ." मान हलवून हसले. मी आणखी एकदा तेच म्हणालो. झालं.

घरी आल्यावर मास्तरांना सगळं सांगितलं. समोर बसून गातात, वाजवतात, डोळ्यांनी बघितलं. ते म्हणाले, "विचारलंस का, कसं करतो ते?"

"नाही."

"मग एवढ्या लांब जाऊन बघितलंस काय?"

पुढच्या वेळी विचारू म्हणून सोडून दिलं. असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले. सुस्मित सेनही २०१३ मध्ये बँडमधून बाहेर पडले. बँड आजही आहे, चांगला आहे, पण माझा प्रश्न ज्याला होता तो माणूस नाही.

म्हणून काय बोलायचं याचं माझं उत्तर: एकच प्रश्न न्या आणि तोच आधी विचारा. फोटो नंतर. 'तुमच्या गाण्याने माझं आयुष्य बदललं' हे म्हणू नका, त्यावर समोरच्याने काय बोलायचं? त्यांनी गाण्यात काय केलंय ते विचारा, कलाकार हॉर्न वाजत असतानाही थांबतात. निदान थांबतील असं मला वाटतं, मी विचारलं कुठे!

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. तुम्ही बँडचं नाव दिलेलं नाही. तो स्टेडियम भरवणारा परदेशी बँड असेल तर वरचं रॅम्पवालं सगळं विसरा, त्यांची गाडी शेवटचा सूर विरायच्या आत निघालेली असते. शिवाय अशा शोचा भरवसा कमीच. २०११ मध्ये मेटालिकाचा गुडगावचा शो ऐन त्या दिवशी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि कुठून कुठून आलेले लोक मैदानाबाहेर उभे राहिले. दोन दिवसांनी बंगळूरला मात्र झाला. तेव्हा परतीचं तिकीट रद्द करता येणारं काढा. दुसरं, मी ती रात्र पहाटेपर्यंत शिवाजीनगर स्टँडवर बाकावर बसून काढली. बाईमाणसाने हे करू नये असं म्हणत नाही, पण पुण्यात ओळखीचं कोणी असेल तर आधी सांगून ठेवा, नाहीतर मैदानाजवळच खोली घ्या.

मास्तर आता पंचाहत्तरीला आलेत. गेल्या गणपतीत मी मंडळात तबला वाजवत एक अभंग म्हटला, मुद्दाम, ते पहिल्या रांगेत बसलेले असताना. संपल्यावर म्हणाले, "तिसऱ्या चरणाला डग्गा सुटला." सुटला होता, मान्य. गळ्याबद्दल मात्र काही बोलले नाहीत.