४जी, ५जीची मानकं कोणता देश ठरवतो? भारताचं त्यात काही चालतं का?

तुम्ही ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार अभियांत्रिकीच्या) तिसऱ्या वर्षाला आहात असं लिहिलंय, म्हणून थोडं खोलात जातो. भारताचं चालतं का, याचं उत्तर हो असं आहे. त्यासाठी जे करावं लागलं, ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

एकटा कोणताच देश मानक ठरवत नाही. जिनिव्हाची आयटीयू ही संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना अपेक्षा लिहून देते: वेग किती हवा, विलंब किती चालेल, चाचणी कोणत्या परिस्थितीत घ्यायची. प्रत्यक्ष तंत्रज्ञान लिहिलं जातं थ्रीजीपीपीमध्ये. १९९८ साली सुरू झालेल्या या व्यासपीठात आज सात संस्था आहेत: जपानच्या दोन आणि युरोप, अमेरिका, चीन, कोरिया, भारत यांची एकेक. बैठकांना मुख्यतः कंपन्यांचे अभियंते येतात, आपापले प्रस्ताव मांडतात आणि शक्यतो मतदान टाळून सहमती होईपर्यंत भांडतात. ५जीत, वाटेत माहितीत शिरणाऱ्या चुका दुरुस्त करणारं कोडिंग कोणतं घ्यायचं, यावरून २०१६ मध्ये अशीच रस्सीखेच झाली. शेवटी डेटासाठी एलडीपीसी आणि नियंत्रण वाहिनीसाठी (फोन-टॉवरमधल्या सूचनांसाठी) पोलर कोड, अशी दोन कोडिंगमध्ये वाटणी झाली. पोलर कोड हे तुर्कस्तानातल्या प्रा. एर्दाल आरिकान यांचं संशोधन, पण बैठकीत त्यामागे जोर लावला तो चीनच्या हुआवेने.

पूर्वी असं नव्हतं. २जीच्या काळात जपानने पीडीसी हे स्वतःचं मानक काढलं, ते जपानबाहेर रुजलं नाही. अमेरिकेने निवड बाजारावर सोडली, त्यामुळे तिथे दोन-तीन पद्धती शेजारी शेजारी चालल्या. कोरियाने सीडीएमए हे अमेरिकी मानक उचललं आणि १९९६ मध्ये त्यावर सेवा सुरू केली. युरोपची अडचण मात्र निराळी होती: सीमा ओलांडली की गाडीतला फोन मुका. म्हणून १९८२ मध्ये एक गट बसवला गेला, १९८७ मध्ये १३ देशांनी करारावर सह्या केल्या आणि १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये जीएसएम या सामाईक मानकावर पहिला कॉल लागला. पुढे जगभर हेच पसरलं.

चीनची गोष्ट मला फार शिकवून गेली. ३जीसाठी त्यांनी टीडी-एससीडीएमए हे स्वतःचं मानक आयटीयूकडून मान्य करून घेतलं आणि २००९ मध्ये चायना मोबाइलला त्याचाच परवाना दिला. चीनबाहेर ते चाललं नाही. पण रेडिओ लहरींच्या एकाच पट्ट्यात आळीपाळीने पाठवायचं आणि ऐकायचं, यात त्यांचे अभियंते तरबेज झाले, आणि ४जीच्या वेळी ते ज्ञान वेगळं न ठेवता त्यांनी जागतिक मानकातच घातलं.

आता आपलं. मी नेटवर्क प्लॅनिंगमध्ये आहे, बरीच वर्षं गडचिरोली-यवतमाळ भागात काढली. तिथे फोनवर रेंजच्या दोन काड्या दिसतात, तरी पलीकडच्याला आपला आवाज जात नाही. टॉवरची ताकद मोठी, त्याचं बोलणं लांब पोचतं. फोनची बॅटरी आणि अँटेना इवलीशी, त्याचं बोलणं टॉवरपर्यंत पोचत नाही. ५जीच्या ग्रामीण चाचणीत दोन टॉवरमधलं अंतर १,७३२ मीटर धरलं होतं. आमच्या भागात तेवढ्या दाटीने टॉवर कोण उभारणार? टीएसडीएसआय या आपल्या मानक संस्थेने हाच मुद्दा आयटीयूपुढे लावून धरला, आणि २०१७ मध्ये ६ किलोमीटर अंतराची परिस्थितीही चाचणीत आली. मला ही आपली सगळ्यात मोठी कमाई वाटते. तंत्रज्ञान कुणीही बनवो, ते कोणत्या गावासाठी तपासायचं हे आपण सांगितलं.

त्यापुढे आयआयटी हैदराबाद आणि आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी फोनच्या ॲम्प्लिफायरमधून जास्त शक्ती काढता येईल असा तरंग आखला. त्यावर उभं राहिलेलं ५जीआय हे भारताचं वेगळं ५जी मानक आयटीयूने मान्य केलं. ऑपरेटर कंपन्यांनी विरोध केला: वेगळं मानक म्हणजे वेगळ्या चिप आणि महाग फोन. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. आमच्याच घरी सीडीएमएचा हँडसेट सेवा बंद झाल्यावर कपाटात पडून राहिला, कारण तो दुसरीकडे कुठेच चालेना. २०२१ च्या अखेरीस तोडगा निघाला आणि ५जीआय थ्रीजीपीपीच्या रिलीज १७ मध्ये, म्हणजे जागतिक मानकाच्या पुढच्या आवृत्तीत, सामावून घ्यायचं ठरलं. काही जणांना ही माघार वाटली. मला नाही वाटत. वेगळं राहिलं असतं तर ते जपानच्या वाटेने गेलं असतं.

६जीचा आराखडा आयटीयूने २०२३ मध्ये मंजूर केलाय आणि ‘सर्वदूर जोडणी’ हा त्यातल्या सहा उपयोगांपैकी एक आहे. थ्रीजीपीपीचे प्रस्ताव त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. एखाद्या बैठकीचे दहा-बारा प्रस्ताव ओळीने वाचा आणि कोणती कंपनी कशाला हरकत घेते ते टिपून ठेवा. अडलं तर इथेच विचारा, जमेल तेवढं सांगेन.