वाचकांचे प्रश्न : टर्बाइनच्या पात्यावरचा हवेचा पापुद्रा

प्रश्न : गॅस टर्बाइनच्या पात्यांना भोकं पाडून त्यांतून गार हवा सोडतात. पण ही हवा कॉम्प्रेसरमधलीच (इंजिनाचा हवा दाबणारा भाग), म्हणजे ६०० अंशांच्या आसपास तापलेली. ती पात्याला गार काय करणार? आणि हवा दुप्पट सोडली तर?

उत्तर : समोरचा वायू १५०० अंश सेल्सिअसचा असला की ६०० अंशांची हवा गारच म्हणायची. पात्याचा निकेल मिश्रधातू १३००–१३५० अंशांना वितळू लागतो आणि त्याच्या कितीतरी आधी ताणाखाली सावकाश लांबत जातो. हवा आधी पात्याच्या पोटातल्या नागमोडी वाटांतून उष्णता उचलते. मग साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या, पृष्ठभागाशी ३०–३५ अंशांनी तिरप्या भोकांतून बाहेर येऊन पात्याला बिलगते. एखाद्या जागी या पापुद्र्याची परिणामकारकता ०.४ असेल, तर ९०० अंशांच्या फरकातले ३६० वजा होतात. म्हणजे पात्यालगत ११४० अंश. (हवा आत थोडी तापते, ते इथे सोडून दिलं आहे.)

दुप्पट हवेत मात्र मेख आहे. हवेची घनता गुणिले वेग, याला वायूच्या घनता गुणिले वेगाने भागा. साध्या गोल भोकाला हे गुणोत्तर ०.५ च्या आसपास मानवतं. १ च्या पुढे धार पात्याला चिकटायचं सोडून उसळते. अंगणात पाइपचं तोंड चिमटलं की पाणी जवळची माती न भिजवता लांब जाऊन पडतं, तसं. त्यात धारेच्या दोन्ही अंगांना उलटसुलट भोवरे तयार होतात आणि ते गरम वायू ओढून धारेखाली घालतात. हवा जास्त खर्चून पातं जास्त तापतं! शिवाय ती दाबायला इंजिनाचंच काम खर्ची पडलेलं असतं. म्हणून भोकाचं तोंड पंख्यासारखं रुंदावतात : वेग उतरतो, हवा आडवी पसरते आणि जास्त गुणोत्तरालाही पापुद्रा टिकतो.

प्रश्न : दुरुस्तीत उष्णता अडवणारा सिरॅमिकचा नवा थर दिल्यावर पात्यातून हवा कमी जाते. भोकात घातलेली तपासणीची पिन तर आरपार जाते.

उत्तर : थर भोकांच्या तोंडाशी साठतो. ०.५ मिमीच्या भोकात चहूबाजूंनी ०.१ मिमी बसला तर व्यास ०.३ उरतो आणि क्षेत्रफळ फक्त ३६ टक्के. पिन आतली गोल नळी तपासते. पंख्यासारख्या तोंडाच्या कडांवरचा थर तिला कळत नाही. तेव्हा भिंगाखाली तोंडं बघा आणि प्रवाह एकूण न मोजता ओळीओळीने मोजा. सर्वात आधी पात्याच्या पुढच्या कडेची, म्हणजे वायू समोरून आदळतो तिथली, ओळ घ्या. तिथे बाहेरचा दाब सर्वाधिक असतो. आतला दाब त्याहून खाली गेला तर गरम वायूच भोकातून आत शिरतो. हाताने ड्रिल मात्र घालू नका. कड तुटते, थराला तिथूनच पापुद्रे सुटतात, आणि भोक मोठं झालं तर शेजारच्या भोकांची हवा तेच खातं.