'फाखश्प्राखं' आणि 'विसेनशाफ्ट्सश्प्राखं' एकच का?

प्रश्न असा आलाय की जर्मनची बी-टू लेव्हल झाली, जर्मनीत मास्टर्सला जायचंय, तर आता आपल्या विषयाच्या टर्म्स म्हणजे 'फाखश्प्राखं' पाठ केली की रिसर्च पेपर वाचता येतील ना, आणि 'विसेनशाफ्ट्सश्प्राखं' (शास्त्रीय लिखाणाची भाषा) म्हणतात ते काही वेगळं असतं की तेच.

वेगळं असतं, आणि गाडी अडते ती दुसऱ्यातच. टर्म्सचं काय, विषय येत असला की त्या आपोआप बसतात. मॅथ्सवाल्याला 'क्योर्पर' (एरवी शरीर) म्हणजे अल्जिब्रातलं फील्ड आणि 'मेंगं' (एरवी ढीगभर काहीतरी) म्हणजे सेट, हे एकदा सांगितलं की पुरे.

घोळ घालतात ती ओळखीची क्रियापदं. 'आउसगेएन' आपण सुरुवातीलाच शिकतो, बाहेर जाणे, फिरायला जाणे. पण पेपरात 'विअर गेएन दाफोन आउस, दास...' आलं की कोणी कुठे जात नसतं, 'आम्ही असं धरून चालतो की' एवढंच (आपणही 'चालतो'च म्हणतो, बघा). 'आइनं फ्रागं श्टेलन' म्हणजे प्रश्न विचारणे आणि 'इन फ्रागं श्टेलन' म्हणजे एखाद्या गोष्टीवर शंका घेणे, आता डिक्शनरीत नुसतं 'श्टेलन' बघून काय कळणार, कप्पाळ! असले प्रयोग फिजिक्सवाला आणि हिस्टरीवाला दोघंही करतात, म्हणून ते कुठल्याच विषयाच्या यादीत येत नाहीत आणि बोलण्याच्या कोर्सलाही राहून जातात. कोनराड एलिश या भाषाशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात यालाच 'आलटेग्लिशं विसेनशाफ्ट्सश्प्राखं' असं नाव दिलं, म्हणजे शास्त्रातली रोजची भाषा. टेस्ट-डाफमध्ये (जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांची भाषेची परीक्षा) पण कुठल्या विषयाचं खास ज्ञान लागत नाही, लेखी भागात ग्राफवर लिहायला लावतात, तिथे हीच भाषा लागते. तेव्हा वहीत सुटे शब्द नका लिहू, नाम आणि त्याचं क्रियापद जोडीनेच लिहा.

लांबलचक वाक्यांना मात्र घाबरू नका, तिथे मराठी कामाला येते. 'दी इन देन लेत्स्टन यारन श्टार्क गेश्टीगनं त्साल' हे इंग्रजीतून समजून घ्यायला गेलात तर उलटंपालटं करावं लागतं, मराठीत सरळ 'गेल्या काही वर्षांत खूप वाढलेली संख्या', क्रम तोच. फक्त सुरुवातीचा 'दी' शेवटच्या 'त्साल'चा आहे हे लक्षात ठेवायचं, मधलं सगळं त्या दोघांच्या पोटात.

कोन्युंक्टिव आइन्सचंही, म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं सांगताना क्रियापदाचं जे रूप येतं त्याचंही, तसंच. 'दी मेटोडं झाय उनझिशर', पद्धत 'म्हणे' बेभरवशाची आहे, मत दुसऱ्याचं, लिहिणारा त्याची हमी घेत नाही. पण आपल्या 'म्हणे'त जो टोमणा असतो तो जर्मनमध्ये नसतो, तिथे ते अगदी कोरडं असतं.