इंटरव्ह्यूत एवढं विचाराच: या वॉर्डला पटावर नर्स किती?

प्रश्न असा आहे की नर्सिंगच्या इंटरव्ह्यूमध्येच तिथलं वातावरण विषारी आहे हे कसं ओळखायचं, आणि उलट प्रश्न विचारले तर नोकरी हातची जाईल का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी. किती पेशंट सांभाळायचे हे विचारल्यामुळे जी नोकरी जाते, ती गेलेलीच बरी.

"सेवेत आलात ना, मग हिशोब कसले करता?" हे वाक्य नवीन स्टाफला वर्षानुवर्षं ऐकवलं जातंय. आणि जिथे नाइटला एकटी सिस्टर अख्खा वॉर्ड ओढते, तिथे ते हमखास ऐकू येतं. आपण सलाईनचे थेंब मोजतो, युरिन आउटपुट मोजतो, श्वास मोजतो; मग एका नर्समागे पेशंट किती, हेच तेवढं मोजायचं नाही? नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास 2002 मध्ये मांडला. सर्जरीच्या वॉर्डात नर्समागे एक पेशंट वाढला की 30 दिवसांच्या आत पेशंट दगावण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्स कामाने पार खचून जाण्याची शक्यता 23 टक्क्यांनी. पेशंटची संख्या विचारणारी मुलगी कामचुकार नसते. ती पेशंटच्या जिवाबद्दलच विचारत असते.

आता खुणांकडे. "तुमच्याकडे वातावरण कसं आहे?" हे विचारून काही हाती लागत नाही, उत्तर "अगदी घरच्यासारखं" असंच येणार. त्याऐवजी तीन आकडे मागा: वॉर्डात बेड किती, सकाळी-दुपारी-रात्री प्रत्येकी स्टाफ किती, आणि त्या वॉर्डाच्या पटावर एकूण नर्स किती. पहिले दोन आकडे सगळे छान सांगतात. खरी गोष्ट तिसऱ्यात असते, आणि ती बाहेर काढायला साधा भागाकार पुरतो.

आठ तासांच्या तीन शिफ्ट, आठवड्याचे सात दिवस. म्हणजे एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला आठवड्याला 21 ड्युट्या लागतात. वीकली ऑफ घेऊन एक नर्स 6 करते. 21 भागिले 6, साडेतीन. रजा, आजारपण, ट्रेनिंग, बाळंतपण धरलं की एका जागेमागे चार नर्स हव्यातच. आठवड्याला पाचच ड्युट्या असतील तर पाच धरा. बारा तासांच्या दोन शिफ्ट असल्या तर ड्युट्या 14 आणि प्रत्येकीच्या वाट्याला 4, म्हणजे पुन्हा साडेतीनच.

समजा 30 बेडचा मेडिकल वॉर्ड आहे. मेट्रन, म्हणजे नर्सिंगच्या प्रमुख, सांगतात, सकाळी 5, दुपारी 5, रात्री 3. दिवसाला 13, आठवड्याला 91 ड्युट्या. त्यासाठी नुसत्या भागाकाराने 15-16 नर्स लागतात, रजा धरून 17-18. आणि पटावर 11 आहेत असं कळलं, तर 11 गुणिले 6 म्हणजे 66. उरलेल्या 25 ड्युट्या दर आठवड्याला कोण करतं? एक तर त्याच अकराजणी डबल करतात, त्यांचे ऑफ रद्द होतात, किंवा त्या ड्युट्या भरल्याच जात नाहीत आणि "सकाळी 5" हे फक्त बोलण्यापुरतं असतं. समोरच्याने आवाज चढवलेला नसतो, सगळे गोड बोललेले असतात, तरी सहा महिन्यांनी तुमचं काय होणार हे त्या दोन आकड्यांतच दिसतं.

मोजताना एक काळजी घ्या. इनचार्ज सिस्टर, शिकाऊ मुली आणि मदतनीस धरून आकडा फुगवतात. म्हणून "स्वतःचे पेशंट घेणाऱ्या रजिस्टर्ड नर्स किती" असंच विचारा. पाठोपाठ हेही विचारा: एक स्टाफ जेवायला गेली की तिचे पेशंट कोण बघतं? कॅलिफोर्नियात 1999 साली झालेल्या कायद्यामुळे आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त 2 आणि मेडिकल-सर्जिकल वॉर्डात 5 पेशंट अशी मर्यादा आहे, आणि ती जेवणाच्या सुट्टीतही पाळावी लागते. बाकी ठिकाणी आकडे वेगळे असतील. पण ब्रेकचा प्रश्न ऐकून समोरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली, तर तिथे ब्रेक मिळत नाही.

मग चालू महिन्याची ड्युटी लिस्ट दाखवायला सांगा. ती भिंतीवर लावलेलीच असते, त्यात गुपित काही नाही. खाडाखोड किती आहे ते बघा. नाइटनंतर ऑफ आहे की लगेच दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लावलीय, ते बघा. दुपारच्या ड्युटीतून रात्री नऊला सुटून सकाळी सातला हजर व्हायचं असेल, तर मध्ये दहाच तास उरतात, त्यात जाणं-येणं आलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1977 च्या नर्सिंगविषयक शिफारशीत दोन शिफ्टमध्ये सलग 12 तास विश्रांती सांगितली आहे. लिस्ट दाखवायलाच नकार मिळाला, तर माझ्या मते इंटरव्ह्यू तिथेच संपला.

चुकांबद्दल जरूर विचारा: "मागच्या वेळी औषधाची चूक झाली, तेव्हा वॉर्डात काय बदललं?" चांगल्या ठिकाणी ठोस काहीतरी सांगतात. सारख्या दिसणाऱ्या अँप्युल वेगळ्या ट्रेमध्ये ठेवल्या, पोटॅशियम क्लोराईडचं कॉन्सन्ट्रेट (पातळ न करता टोचलं तर जीव घेणारं) वॉर्डातून काढून फार्मसीत नेलं, हेपारिन-इन्सुलिनसारख्या जोखमीच्या औषधांना दुसऱ्या नर्सची सही लावली. वाईट ठिकाणी फक्त "तिला मेमो दिला" एवढंच ऐकायला मिळतं. आणि "आमच्याकडे चुका होतच नाहीत" हे सगळ्यात घातक, कारण तिथे भीतीपोटी इन्सिडेंट रिपोर्ट कोणी लिहीतच नाही.

तसाच दुसरा प्रश्न: रात्री दोन वाजता पेशंटला वापरलेली सुई टोचली तर पीईपीचा, म्हणजे संसर्ग रोखणाऱ्या औषधांचा, पहिला डोस कुठून मिळतो? एचआयव्हीसाठीचा हा डोस जितक्या लवकर तितका चांगला; 72 तासांनंतर सुरू करून उपयोग नाही, आणि कोर्स 28 दिवसांचा. मेट्रनला याचं उत्तर झोपेतही देता आलं पाहिजे. "सकाळी ऑफिस उघडल्यावर बघतो" म्हणणाऱ्यांनी स्टाफच्या जिवाचा विचारच केलेला नाही.

वॉर्ड बघायला मिळाला तर ओव्हर देण्या-घेण्याच्या वेळी, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती पुढच्या स्टाफला सोपवतात तेव्हा, जा. बेडजवळ उभं राहून, ड्रेन-सलाईन-पंप दाखवत ओव्हर होतंय, की घाईघाईत काउंटरवर? मग क्रॅश कार्टची (इमर्जन्सीची औषधं-उपकरणं ठेवलेल्या ट्रॉलीची) चेकलिस्ट उघडा. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच हाताच्या असतील, तर त्या एका बैठकीत मारलेल्या आहेत, आणि बाकी कागदांचीही तीच तऱ्हा असणार.

बाकीच्या खुणा तुम्हालाही ठाऊक असतील. उद्याच जॉइन व्हा म्हणणं, लग्न आणि मुलांबद्दल चौकशी, आधी सोडून गेलेल्या सिस्टरची निंदा, सिनियरसोबत किती दिवस काम करायला मिळेल यावर "तुम्ही शिकाल हळूहळू". मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं मात्र या रांगेत बसवू नका, ते फार गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना कागदपत्रं अडकवून ठेवण्याला सक्तीच्या मजुरीच्या लक्षणांत धरते. मूळ कागद दाखवा, प्रत द्या, आणि मूळ परत घेऊनच उठा.

आता हेही सांगायला हवं की नुसता स्टाफ कमी आहे म्हणून जागा विषारी ठरत नाही. काही वॉर्डांत इनचार्ज स्वतः पेशंट घेते आणि इंटरव्ह्यूतच सांगते, आठ जागा रिकाम्या आहेत, पुढचे तीन महिने ओढाताण होईल. अशा माणसाखाली काम करता येतं. एचआरच्या माणसाला वॉर्डाचे आकडे कदाचित खरंच माहीत नसतील, म्हणून तेच प्रश्न इनचार्जला विचारा आणि दोन्ही उत्तरं जुळतात का पाहा. कॅज्युअल्टीत पेशंटची संख्या तासागणिक बदलते, तिथे वरचा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही.

"सगळीकडे असंच असतं, कुठेही गेलीस तरी हेच" असं सिनियर सांगतील. मला ते अजिबात मान्य नाही. एकाच हॉस्पिटलच्या दोन मजल्यांवरसुद्धा फरक असतो, म्हणून हॉस्पिटलचं नाव ऐकून होकार देऊ नका, नेमका वॉर्ड विचारा. आणि नोकरीची फार गरज असेल तर घ्या, पण ऑफर लेटरवर वॉर्ड, शिफ्टचे तास, वीकली ऑफ, डबल ड्युटीचे पैसे, नोटिशीचा काळ आणि बॉन्ड असेल तर त्याची रक्कम व मुदत हे सगळं लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.