खात्यावर नाव आपले, पैसा कोणाचा?

प्रश्न : निवृत्तिवेतनाची वर्गणी सरकारी निधीऐवजी प्रत्येकाच्या नावे खासगी खात्यात जमा झाली, तर कोणत्याही सरकारला तिला हात लावता येणार नाही, असे सांगितले जाते. हे कितपत खरे आहे?

उत्तर : अनुभव तरी तसे सांगत नाही. आजच्या कमावत्यांच्या वर्गणीतून आजच्या वृद्धांना निवृत्तिवेतन देण्याची पद्धत चालू असताना ती वर्गणी खासगी खात्यांकडे वळवली, तरी वृद्धांचे देणे थांबत नाही. ते सरकारला कर वाढवून किंवा कर्ज काढून भागवावे लागते आणि ही तूट कित्येक वर्षे अर्थसंकल्पात ठाण मांडून बसते. मंदी आली की अर्थमंत्र्यापुढे एकीकडे रिकामी तिजोरी असते आणि दुसरीकडे कायद्याच्या सक्तीनेच जमलेला भलामोठा निधी.

अर्जेंटिनाने १९९४ मध्ये सुरू केलेले खासगी निधी २००८ च्या आर्थिक संकटात, लोकांच्या बचतीचे रक्षण करण्याचे कारण देत, कायदा करून सरकारकडे घेतले. हंगेरीचे उदाहरण त्याहून बोलके आहे. तेथील सरकारने २०१० मध्ये खातेदारांना निवड दिली खरी, पण खासगी निधीत राहणाऱ्याला यापुढे सरकारी निवृत्तिवेतनाचा नवा हक्क मिळणार नाही, असेही जाहीर केले. परिणामी बहुतेकांनी ‘स्वेच्छेने’ सरकारचा रस्ता धरला. पोलंडने २०१४ मध्ये खासगी निधींतील ५१.५ टक्के मालमत्ता, मुख्यतः सरकारी कर्जरोखे, सरकारी विमा संस्थेकडे वळवून ते रोखे रद्द केले आणि कागदावरचे कर्ज एका फटक्यात कमी केले. हे घटनाबाह्य नाही, असा निर्वाळा तेथील घटनात्मक न्यायालयाने पुढच्याच वर्षी दिला. आपल्या प्रश्नातील ‘प्रत्येकाच्या नावे’ या शब्दांवर किती भिस्त ठेवायची, हे त्यावरून ठरवावे.

चिलीत दबाव उलट दिशेने आला. तेथे लष्करी राजवटीने १९८१ मध्ये खासगी खाती सक्तीची केली (सैन्याला मात्र त्यातून वगळले!). पुढे करोनाकाळात खातेदारांनाच पैसे हवे होते आणि संसदेने तीनदा दहा-दहा टक्के रक्कम काढण्याची मुभा दिली. लहान खातेदारांपैकी अनेकांची खाती त्यात रिकामी झाली. अशा लोकांच्या म्हातारपणाचा भार शेवटी करांतूनच उचलावा लागतो. सरकारी निधीही राजकारणापासून सुरक्षित नसतो, हे मान्यच आहे. तरीही खासगीकरणाचा प्रस्ताव पुढे आला, तर मधल्या काळातील तूट कोण आणि कशातून भरणार, हे आधी विचारावे. त्याचे उत्तर ‘कर्ज काढून’ असेल, तर पुढील मंदीत त्या खात्यांकडे सरकारची नजर वळण्याची शक्यता बरीच आहे.