वापरलेली आलिशान एसयूव्ही घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कोथरूडला राहतो आणि रोज हिंजवडीला गाडीने जातो. भोरच्या पुढे हिरडस मावळात आमची शेती आहे. डांबरी रस्ता संपल्यावर शेवटचे दोन-अडीच किलोमीटर मुरूम आणि माती आहे, आणि पावसाळ्यात एक ओढा ओलांडावा लागतो. पंचवीस लाखांपर्यंत वापरलेली आलिशान एसयूव्ही घेण्याचा विचार आहे. मर्सिडीज जीएलसी २२०डी, लँड रोव्हर डिस्कव्हरी स्पोर्ट, टोयोटा फॉर्च्युनर २.८ आणि फोर्ड एंडेव्हर ३.२ या गाड्या पाहिल्या. सर्व २०१७-१८ च्या आहेत. कोणती घ्यावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : या चार गाड्या आज आपल्याला जवळपास सारख्याच किमतीत दिसत असल्या तरी त्यांची जात एक नाही. फॉर्च्युनर आणि एंडेव्हर या लॅडर फ्रेम चासीवर उभ्या आहेत : खाली पोलादी चौकट, तिच्यावर वेगळी बॉडी, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे शक्ती पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीत, लो रेंज गिअर, जो वेग कमी करून चाकांची ओढण्याची ताकद वाढवतो. जीएलसी आणि डिस्कव्हरी स्पोर्ट या मोनोकॉक आहेत, म्हणजे चासी आणि बॉडी हे एकच अंग आहे. त्यामुळे त्या डांबरी रस्त्यावर शांत आणि स्थिर चालतात, पण त्यांना लो रेंज नाही. डिस्कव्हरी स्पोर्टच्या नऊ गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर मुद्दाम अतिशय लहान ठेवलेला आहे आणि एरवी गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये सुटते. लो रेंजची उणीव त्यातून बरीचशी भरून निघते, पूर्णपणे नाही.

आता आपल्या वर्षाचा हिशेब मांडावा. शेतावरची खेप आठवड्यातून एकदा धरली तरी उरलेले सर्व दिवस ही गाडी चांदणी चौकापासून हिंजवडीपर्यंत मुंगीच्या पावलांनी सरकणार आहे. एंडेव्हरची लांबी ४.९ मीटर आहे, जीएलसीची साधारण ४.६६ मीटर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा पाव मीटर रोज जाणवतो. फॉर्च्युनरचे हायड्रॉलिक स्टिअरिंग गर्दीत जड वाटते आणि मागची सीट खड्ड्यांवर उसळते. वयस्कर आई-वडील मागे बसणार असतील तर ही तक्रार घरी वारंवार ऐकावी लागेल. एंडेव्हरचे स्टिअरिंग इलेक्ट्रिक असल्याने हलके आहे, आणि मागच्या अ‍ॅक्सलला वॉट्स लिंकेज, म्हणजे अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारी दांड्यांची जोडणी, दिल्यामुळे ती आडवी कमी डोलते. पाच सिलिंडरांचे ३.२ लिटरचे तिचे डिझेल इंजिन २०० पीएस आणि ४७० न्यूटन-मीटर टॉर्क देते, त्यामुळे कात्रजच्या चढावर अंगात रग कमी पडत नाही. पेट्रोलपंपावर मात्र ती रग पैसे मागते.

आपल्या शेताच्या वाटेत अवघड भाग दोनच आहेत : ओला चिखल आणि ओढा. मुरमाच्या अडीच किलोमीटरसाठी फोर बाय फोरसुद्धा लागत नाही. पुरेसा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, आणि धड टायर असले की काम भागते. चिखलात मात्र लो रेंजपेक्षा टायरची नक्षी अधिक महत्त्वाची ठरते. रस्त्यावरच्या गुळगुळीत नक्षीत माती एकदा भरली की चार चाकांना मिळणारी शक्ती चारही चाके जागच्या जागी फिरवण्यापलीकडे काही करत नाही. १९ आणि २० इंची रिमांवर टायरची बाजू इतकी कमी उंचीची असते की मुरमातला एक टोकदार दगड ती फाडू शकतो. म्हणून १७ किंवा १८ इंची रिमांचे मॉडेल मिळाल्यास दिसायला साधे असले तरी तेच पाहावे. गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते याविषयी कंपन्यांनी दिलेले आकडे असे आहेत : एंडेव्हर ८०० मिलिमीटर, डिस्कव्हरी स्पोर्ट ६०० मिलिमीटर. हे आकडे संथ पाण्यासाठी आणि धीम्या गतीसाठी आहेत. वाहते पाणी गुडघ्यापर्यंत असले तरी गाडी आडवी सरकू शकते, आणि जुलैतल्या हिरडस मावळात ओढ्याचे पाणी तासाभरात चढते. अशा वेळी गाडी अलीकडे ठेवून साकवावरून चालत जाणे हेच योग्य. जीएलसीचे पोट या चौघींमध्ये जमिनीला सर्वांत जवळ आहे, म्हणून ओढा नियमित ओलांडायचा असेल तर ती यादीतून काढावी. ओढ्यावर मोरी झाली असती तर मी तिलाच पहिली पसंती दिली असती.

राहिल्या तीन. इथे पैशाचा मुद्दा येतो, आणि वापरलेल्या आलिशान गाडीत तोच निर्णायक असतो. गाडीची किंमत सात-आठ वर्षांत निम्म्याहून खाली येते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत खाली येत नाही. साठ लाखांची म्हणून बांधलेली गाडी पंचवीस लाखांना मिळाली तरी तिचा हेडलाइट, गिअरबॉक्सचे काम किंवा सस्पेन्शनचे भाग साठ लाखांच्या गाडीचेच राहतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात रोज खरी होताना दिसते. म्हणून पंचवीस लाख ही आपली एकूण मर्यादा असेल, तर गाडी वीस लाखांच्या आत बसवावी आणि बाकीची रक्कम नावावर करण्याचा खर्च, विमा, चार नवे टायर, बॅटरी, सर्व प्रकारचे ऑइल आणि पहिल्या वर्षात निघणारी दुरुस्ती यांसाठी राखून ठेवावी. ही रक्कम बाजूला काढता येत नसेल तर डिस्कव्हरी स्पोर्टचा विचार सोडून द्यावा. तिच्या दोन लिटरच्या इंजेनियम डिझेल इंजिनांच्या टायमिंग चेनविषयी, म्हणजे इंजिनाच्या आतले भाग एका तालात फिरवणाऱ्या साखळीविषयी, ब्रिटनमध्ये बऱ्याच तक्रारी झालेल्या आहेत. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत खडखडाट ऐकू आला तर पुढे बोलणी करू नयेत. विक्रेत्याने आपण पोहोचण्याआधीच इंजिन तापवून ठेवले आहे का, हे बॉनेटवर हात ठेवून कळते.

माझा कौल एंडेव्हर ३.२ ला आहे, पण एक अट घालून. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. सर्व्हिस आणि सुटे भाग मिळण्याची व्यवस्था कंपनीने चालू ठेवली, तरी अपघातानंतर लागणारे बॉडीचे भाग किंवा इलेक्ट्रॉनिक भाग यांसाठी थांबावे लागू शकते. हिंजवडीला जायला घरात दुसरे वाहन असेल तर हा धोका पत्करण्यासारखा आहे. एकच गाडी असेल तर फॉर्च्युनर घ्यावी, तिची उसळी सहन करावी, आणि विकताना चांगला भाव मिळेल याचे समाधान मानावे. मात्र बाजारातल्या बऱ्याच फॉर्च्युनर फोर बाय टू असतात. मागच्या दारावरचे बोधचिन्ह न पाहता डॅशबोर्डवरील फोर-व्हीलची कळ फिरवून, मातीवर गाडी नेऊन, फोर हाय (चारही चाकांना शक्ती, नेहमीच्या गिअरमध्ये) आणि फोर लो (चारही चाकांना शक्ती, लो रेंजमध्ये) दोन्ही लागतात का ते पाहावे. ही पार्ट-टाइम यंत्रणा आहे, म्हणजे पुढची चाके गरजेपुरतीच जोडायची असतात. कोरड्या डांबरावर फोर हायमध्ये वळण घेऊन तिची परीक्षा करू नये, कारण पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधला ताण तिथे सुटू शकत नाही आणि यंत्रणेला इजा होते.

प्रश्न : दिल्लीत नोंदलेली २०१८ ची बीएमडब्ल्यू एक्स३ डिझेल नागपूरच्या भावापेक्षा पाच लाखांनी स्वस्त मिळत आहे. दलाल म्हणतो, गाडी फक्त पंचेचाळीस हजार किलोमीटर चालली आहे. घ्यावी का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : स्वस्ताईचे कारण गाडीत नसून कायद्यात असू शकते. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने आणि त्यावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केलेल्या शिक्कामोर्तबाने दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली. अंमलबजावणीत पुढे फेरबदल होत राहिले, तरी धास्तीमुळे तिथले मालक मुदत जवळ आली की गाडी बाहेरच्या राज्यांत विकतात. त्यामुळे कमी भावाची चांगली गाडी दिल्लीतून मिळणे अशक्य नाही. परंतु त्या पाच लाखांतून महाराष्ट्राचा मोटार वाहन कर वजा करावा लागेल, आणि तो आपण मोजलेल्या रकमेवर नव्हे, तर गाडीची मूळ किंमत आणि वय यांवरून ठरतो. आधी आपल्या आरटीओत आकडा काढून घ्यावा, मग बयाणा द्यावा. दिल्लीच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, कर्ज असल्यास बँकेचे पत्र आणि कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, थकलेली चलने, आरसीवरील आणि गाडीवरील चासी नंबरचा मेळ, हे सर्व पैसे देण्याआधी झाले पाहिजे. ‘कागद मागून कुरिअरने पाठवतो’ हे वाक्य ऐकले की व्यवहार तिथेच थांबवावा.

पंचेचाळीस हजार किलोमीटर हा आकडा डॅशबोर्डवर बदलता येतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबरवर प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाला सोबत घेऊन ती नोंद पाहावी. ब्रेक पेडलचे रबर, स्टिअरिंगचे चामडे आणि चालकाच्या सीटची बाहेरची कड या तीन जागा सहसा खोटे बोलत नाहीत. पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी ओळखायची असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते पाहावे, सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि कार्पेटखालच्या वायरींचे जोड तपासावेत. ही तपासणी केवळ दिल्लीच्या गाडीसाठी नव्हे; जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुरात बुडालेल्या गाड्यांतील काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या नसतील असे कोणी सांगू शकत नाही.

या मॉडेलसाठी आणखी एक तपासणी आवश्यक आहे. चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावेत. दोनच टायर नवे घालून विकायला काढलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी दिसली तर सावध व्हावे, कारण चाकांच्या परिघातला फरक ट्रान्सफर केसमधल्या क्लचला सतत घासत ठेवतो. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी हळू गोल फिरवावी. धक्के किंवा थरथर जाणवली तर हा क्लच किंवा त्याचे ऑइल संपलेले असण्याची शक्यता मोठी. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत रन-फ्लॅट टायर, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर, असल्याने स्टेपनी नसते. नागपूर-रायपूर महामार्गावर ते चालून जाते. पेंच किंवा ताडोब्याच्या बफरमधील कच्च्या रस्त्यावर टायरची बाजूच फाटली तर रन-फ्लॅट असूनही गाडी पुढे जात नाही. डिकीत लहान का होईना, एक स्टेपनी ठेवता येईल का, याची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : घर ते ऑफिस अंतर पाच किलोमीटर, महिन्यातून एखादी माळशेज किंवा जव्हारची सहल. २०२१ ची बीएस-६ डिझेल व्होल्व्हो शोधावी का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : डिझेलचा हट्ट सोडावा. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिनाला बराच वेळ एकसारख्या वेगाने आणि तापलेल्या अवस्थेत चालावे लागते. पाच किलोमीटरच्या फेरीत इंजिन तापण्याआधीच बंद होते. फिल्टर भरत जातो, जळण्याचे काम अर्धवट सुटते, आणि त्यासाठी जादा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या कडेने इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑफिसच्या रस्त्यावर गाडी मंदावून डीपीएफचा दिवा लागला की दोष गाडीचा नसतो, निवडीचा असतो. आपल्या वापराला पेट्रोल गाडी बरी. तीही शक्य तर एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा, नसलेली. एअर सस्पेन्शनची गाडी पसंत पडलीच, तर ती रात्रभर उभी ठेवून सकाळी एखादा कोपरा खाली बसला आहे का ते पाहावे. एका कोपऱ्यातून हवा गळत असेल तर कॉम्प्रेसर सतत चालू राहून तोही लवकरच जातो, आणि मग दोन्हींचे बिल एकदम येते.

प्रश्न : फोर बाय फोर घेतल्यावर समुद्रकिनाऱ्यावर चालवायला हरकत नाही ना? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हरकत आहे. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेणे हा गुन्हा आहे आणि पर्यटकांवर त्यासाठी कारवाई होते. कोकणातही भरतीच्या रेषेत अडकलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढण्याचे प्रसंग नवे नाहीत. ओली वाळू वरून घट्ट दिसते आणि दोन टनांच्या गाडीखाली खचते. त्याहून मोठे नुकसान नंतर दिसते : खारे पाणी लॅडर फ्रेमच्या पोकळ भागांत, ब्रेकच्या पाइपांवर आणि वायरींच्या जोडांत राहते. किनारपट्टीवर वापरलेली गाडी घेतानाही म्हणूनच ती रॅम्पवर चढवून फ्रेमच्या आतल्या बाजूचा गंज टॉर्चने पाहावा. खालून नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर तो कशासाठी मारला, हे विक्रेत्याला विचारावे आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एखाद-दोन ठिकाणी टोचून पाहण्याची परवानगी मागावी.