रक्सौल-काठमांडू रेल्वे: वाचकांचे प्रश्न

ताई, माझा भाचा कोकण रेल्वेत आहे. त्याच्याकडून कळलं की रक्सौल ते काठमांडू लाईनचा सर्व्हे कोकण रेल्वेने केलाय. ऐकून भारी वाटलं. पण 140 किलोमीटरच्या लाईनने दोन देशांचा व्यापार जोडला जातो म्हणजे नेमकं काय होतं? ट्रक तर आत्ताही जातातच ना? – एक वाचक, चिपळूण

काका, भारी वाटणारच. 2018 च्या एप्रिलमध्ये नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओली दिल्लीला आले तेव्हा या लाईनची घोषणा झाली, आधी प्राथमिक पाहणी आणि मग 2021 च्या करारानंतर फायनल सर्व्हे, दोन्ही कामं कोकण रेल्वेकडेच आली. बिहारच्या जयनगरहून नेपाळातल्या जनकपूर-कुर्थाला जाणाऱ्या मार्गावर 2022 पासून ज्या डेमू (डिझेलवर चालणाऱ्या लोकल) गाड्या धावतात त्याही नेपाळने कोकण रेल्वेकडूनच घेतल्या होत्या.

आता काम किती अवघड आहे बघा. बिहारमधलं रक्सौल समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत आणि काठमांडूचं खोरं 1300 मीटरच्या आसपास. मधे चुरेचे डोंगर, त्यामागे महाभारत रांग. आपल्या बोर घाटात चढ 37 ला 1 आहे (37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर), म्हणून कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, आणि कोकण रेल्वे बांधताना मात्र चढ 150 ला 1 च्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं म्हणून तर एवढे बोगदे खणावे लागले, त्यातले मऊ मातीतले ढासळले की परत खणले. काठमांडूलाही हाच हिशोब आहे, एकतर बोगद्यांवर आत्ता पैसा ओता नाहीतर प्रत्येक मालगाडीमागे कायम जादा खर्च करत बसा. माझं मत विचाराल तर चढ कमी ठेवा, पैसा आत्ता लागला तरी चालेल.

ट्रकचं म्हणाल तर रेल्वे नेपाळात आत्ताही पोचते. रक्सौलच्या पलीकडे वीरगंजजवळ सिर्सियाला ड्राय पोर्ट, म्हणजे समुद्रापासून लांबचं कंटेनरचं बंदर, आहे, 2004 पासून चालू. कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सीलबंद कंटेनर थेट तिथे येतात आणि कस्टमचं कामही तिथेच होतं. खरी कटकट त्यापुढे. कंटेनर उतरवा, ट्रकवर चढवा, मग घाटातला रस्ता, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. जुलै 2024 मध्ये नारायणघाट-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालला दरड कोसळली आणि दोन बस माणसांसकट त्रिशूली नदीत गेल्या. काठमांडूची बरीचशी मालवाहतूक याच रस्त्याने होते. त्यामुळे माझ्या मते लाईनचा पहिला फायदा व्यापाराचा नाहीच, जीव वाचतील हा आहे.

व्यापाराचं मात्र मला जरा वेगळं वाटतं. नेपाळ आयात करतो त्याच्या मानाने निर्यात फारच थोडी, त्यामुळे ट्रक भरून जातो आणि रिकामा येतो आणि ते रिकामं भाडं शेवटी काठमांडूच्या गिऱ्हाइकाच्या खिशातूनच जातं. रेल्वेच्या वॅगनी रिकाम्या परत आल्या तर तेच होणार. बरं, नेपाळकडे विकायला जे आहे ते काठमांडूच्या खोऱ्यात कितीसं आहे? मसाल्याची मोठी वेलची आणि इलामचा चहा पूर्वेकडचा, ज्यूटच्या गिरण्या बिराटनगरकडे, आणि वीज, जी खरी मोठी निर्यात होऊ शकते (जानेवारी 2024 मध्ये दहा वर्षांत 10,000 मेगावॉटचा करार झालाय), ती तर तारेतून जाते. म्हणून मला राजधानीच्या टर्मिनलपेक्षा याच लाईनवरच्या निजगढसारख्या मधल्या स्टेशनांवर मालधक्का किती मोठा असणार आणि पूर्वेच्या जोगबनी-बिराटनगर लाईनवर किती गाड्या धावणार हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

चीनही तिबेटच्या सीमेवरच्या केरुंगवरून काठमांडूला रेल्वे आणणार म्हणतात. मग मुंबईहून बसून थेट ल्हासा? – एक वाचक, डोंबिवली

बसून थेट नाही जाता येणार. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, चीनचं 1435, म्हणजे काठमांडूला गाडी बदलावीच लागेल आणि माल असेल तर उतरवून परत चढवावा लागेल. ल्हासाहून शिगात्सेपर्यंत लाईन 2014 मध्येच आली, पण केरुंग ते काठमांडू हा तुकडा जवळजवळ सगळा बोगद्यांतून आणि पुलांवरून जाणार आहे आणि तोसुद्धा हिमालयाच्या भूकंपाच्या पट्ट्यात. आपल्या हयातीत नेपाळला आपल्या बाजूची लाईन मिळाली तरी पुष्कळ झालं.

आमचा कांदा नेपाळला जातो. ही लाईन झाली तर आम्हाला फायदा होईल का? – एक शेतकरी, निफाड

दादा, होईल, पण नुसत्या लाईनने होणार नाही. मालगाडीने कांदा सीमेपार जातो हे लासलगावने दाखवलंय, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तिथून बांगलादेशातल्या दर्शनापर्यंत कांद्याच्या रेक, म्हणजे पूर्ण मालगाड्या, गेल्या होत्या. रेक म्हणजे एकदम शेकडो टन माल, ट्रकपेक्षा टनामागे भाडं कमी. मात्र वाटेत दोन-चार दिवस जरी कस्टमसाठी गाडी उभी राहिली तर उन्हाळ्यात कांद्याचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार.

आणि खरी अडचण रुळांची नाहीये. डिसेंबर 2023 मध्ये आपल्या सरकारने निर्यातबंदी लावली तेव्हा इकडे तुमचे भाव पडले आणि तिकडे काठमांडूच्या बाजारात कांदा महागला, दोन्हीकडे सामान्य माणूसच भरडला गेला. नेपाळी लोक त्याआधीची 2015 ची भारताच्या सीमेवरची नाकेबंदी विसरलेले नाहीत, भूकंप होऊन सहा महिनेही झाले नव्हते आणि सीमेवर इंधनाचे टँकर अडकले, घरात गॅस नाही, हॉस्पिटलात औषधं नाहीत. पुढच्याच मार्चमध्ये नेपाळने चीनशी ट्रान्झिटचा, म्हणजे चीनमधून माल ने-आण करायचा, करार केला तो काही हौस म्हणून नाही. त्यामुळे काठमांडूच्या व्यापाऱ्याला नाशिकच्या कांद्याचा वर्षभराचा सौदा करायला सांगायचं असेल तर उद्या अचानक बंदी येणार नाही असं काहीतरी दोन्ही सरकारांनी लेखी द्यायला हवं, निदान नेपाळपुरता ठरावीक कोटा तरी बंदीतून वगळावा. तुमच्या शेतकरी संघटनेने हे मागावं असं मला मनापासून वाटतं, कारण लाईन व्हायला अजून बरीच वर्षं लागतील पण कोट्याचा निर्णय याच हंगामात होऊ शकतो.